काजळी, तूस आणि रबर

पेशवे दप्तरांतील मोडी कागद ज्यांनीं एकदां तरी हाताळले असतील त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. कागद पिवळा पडलेला असतो, कडा झिजलेल्या असतात, कसरीनें ठिकठिकाणीं नक्षी काढिलेली असते. परंतु अक्षर मात्र कालपरवां उठविल्यासारखें काळेंभोर. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून चार-पांच वर्षांत या दप्तरांतून निवडक कागदांचे ४५ भाग छापून काढिले. त्यांच्या व त्यांच्या सहाय्यकांच्या परिश्रमांस वंदन केलेंच पाहिजे. पण त्या श्रेयांतला थोडा वांटा शाईलाहि द्यावयास हरकत नाहीं. ही शाई म्हणजे दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी. काजळी हा बव्हंशीं शुद्ध कार्बन. त्याचा रंग ऊनहि नेत नाहीं व काळहि नेत नाहीं. डिंक तिचे कण पाण्यांत एकमेकांपासून दूर ठेवतो आणि वाळल्यावर त्यांस कागदाशीं जखडून टाकतो. खलांत काजळी जितकी अधिक घोटावी तितकी शाई चांगली, एवढें कारकुनास ठाऊक होतें. तें कां, हें विचारण्याची त्यास गरज पडली नाहीं.

या काजळीचा आणि आजच्या रस्त्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं मोटारीचा, मालट्रकचा, विमानाचा, फार काय आमच्या लहानपणीं ज्या वाहनाच्या गर्दीसाठीं पुणें प्रसिद्ध होतें त्या सायकलीचाहि टायर काळा दिसतो तो याच पदार्थामुळें. रबर मुळांत काळें नसतें. झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो. तो थिजवून वाळविला म्हणजे पिवळट-तांबूस होतो. त्यांत काजळी मिसळतात ती रंगासाठीं नव्हे, बळासाठीं. टायरच्या एकंदर वजनांत पांचव्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत काजळीच असते. कारखान्यांत तिला ‘कार्बन ब्लॅक’ म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. टायरसाठीं वापरावयाच्या चांगल्या काजळीचा मूळ कण वीस ते चाळीस नॅनोमीटरांचा असतो. बोरूच्या शाईंतील काजळी याहून कांहींशी जाड, पण जात तीच. ‘नॅनो’ या शब्दाचें आजकाल जें कौतुक चालतें तें ऐकून दप्तरांतला एखादा जुना कारकून मनांत हंसला असता.

अलीकडे पंचवीस-तीस वर्षें शास्त्रज्ञांचा असा खटाटोप चालू आहे कीं काजळीचें हें काम दुसऱ्या पदार्थांकडून, आणि तेंहि शेतांत, गिरणींत व स्वयंपाकघरांत टाकून दिल्या जाणाऱ्या पदार्थांकडून, करून घ्यावें. भाताचें तूस, उसाचें चिपाड, अंड्याचें टरफल यांची अतिसूक्ष्म भुकटी करून ती कृत्रिम रबरांत घालावयाची. या विषयावर निबंधांचा पाऊस पडत आहे. त्यांतील प्रत्येक निबंध आपल्यापासूनच इतिहास सुरू झाला अशा थाटांत लिहिलेला असतो, म्हणून मागील हकीकत एकदां सलग सांगावी असें आम्हांस वाटलें.

रबराची प्रारंभींची कथा बहुतेकांस ठाऊक असते, तेव्हां ती लवकर आटपतों. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांस गंधक व उष्णता यांनीं रबराचा चिकटपणा जातो हें सांपडलें. १८७६ सालीं हेन्री विकम यांनीं ब्राझीलमधून रबराच्या झाडाचें सत्तर हजार बीं लंडनजवळील क्यू येथील बागेंत पोंचविलें, आणि त्याची संतति पुढें सिंहलद्वीप, मलाया व आपला केरळ येथें वाढली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेनें फुगविलेला टायर केला. तोंवर चाकाला लोखंडाची धांव किंवा फार तर भरीव रबराची पट्टी असे. त्या वेळचे टायर पांढरे किंवा करडे दिसत, कारण त्यांत जस्ताचा ऑक्साइड, म्हणजे आमच्या वैद्यांच्या भाषेंत यशदभस्म, मिसळीत. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातींतील टायरांचा केलेला तो गलेलठ्ठ पुरुष अद्यापि पांढरा आहे याचें कारण हेंच. तो जन्मला त्या काळीं त्याचे सर्व भाऊबंद पांढरेच होते.

१९०४ सालीं लंडनच्या पूर्वेस सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यांत मोट नांवाच्या रसायनज्ञानें रबरांत काजळी घालून पाहिली आणि तें विलक्षण चिवट झालेलें त्यास दिसलें. आठ-दहा वर्षांत ही युक्ति अमेरिकन टायरवाल्यांनीं उचलली, आणि पहिल्या महायुद्धानंतर पांढरा टायर हळूहळू दिसेनासा झाला. काजळी मिळवीत कशी? अमेरिकेंत जमिनींतून निघणारा नैसर्गिक वायु अपुऱ्या हवेंत जाळावयाचा, ज्योतीवर थंड लोखंडी पन्हळी धरावयाची आणि तिच्यावर बसलेली काजळी खरवडून घ्यावयाची. आमच्या आज्या दिव्यावर तूप लावलेली वाटी पालथी घालून पोरांच्या डोळ्यांसाठीं काजळ धरीत, त्या कृतींत व या कृतींत फरक तो केवळ आकाराचा. १९४३ पासून वायूऐवजीं तेल भट्टींत फवारून काजळी करूं लागले व तीच रीत आज जगभर चालते. म्हणजे काजळीचें मूळ आतां खनिज तेलांत आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

आतां कृत्रिम रबराकडे वळूं. झाडाच्या रबरास काजळी मिळाली तर उत्तम, पण न मिळाली तरी तें अगदींच दुबळें नसतें. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या सर्वत्र एकाच घडणीच्या असतात; रबर ताणलें म्हणजे त्या एकमेकींशेजारीं शिस्तीनें उभ्या राहतात व त्यांचे स्फटिक बनतात. जेथें ताण अधिक तेथेंच मजबुती अधिक, अशी निसर्गाचीच व्यवस्था आहे. माणसानें ब्यूटाडाइन व स्टायरीन या दोन द्रव्यांपासून जें रबर केलें, ज्यास एस.बी.आर. म्हणतात, त्याच्या सांखळींत हीं दोन द्रव्यें आडवींतिडवीं, जशीं सांपडतील तशीं गुंफलेलीं असतात. असल्या सांखळ्यांस कवाईत येत नाहीं. परिणाम असा कीं निव्वळ एस.बी.आर.ची पट्टी चौरस सेंटीमीटरला वीस-तीस किलो ओढीनेंच तुटते. तींत योग्य काजळी घातली तर तीच पट्टी दोनशें किलोंच्याहि वर जाते. दुसऱ्या कोणत्या मसाल्यानें पदार्थाचें बळ असें दसपट होत असेल असें आम्हांस आठवत नाहीं. काजळी नसती तर कृत्रिम रबर प्रयोगशाळेंतील कपाटांतच राहिलें असतें.

पण त्यास कपाटाबाहेर ओढून काढलें तें युद्धानें. पहिल्या महायुद्धांत नाकेबंदींत सांपडलेल्या जर्मनीनें एक प्रकारचें कृत्रिम रबर केलें. तें ओबडधोबड कामांपुरतेंच उपयोगी पडलें. रशियांत लेबेदेव्ह या रसायनज्ञानें मद्यार्कापासून ब्यूटाडाइन व त्यापासून रबर करण्याची रीत बसविली आणि १९३२ सालीं यारोस्लाव्हल येथें त्याचा मोठा कारखाना उघडला. मद्यार्क बटाट्यांचा व धान्याचा. १९४२ च्या पूर्वार्धांत जपाननें मलाया व डच ईस्ट इंडीज घेतल्यावर जगांतील नैसर्गिक रबराच्या पुरवठ्याचा सुमारें नऊ-दशांश भाग मित्रराष्ट्रांच्या हातांतून गेला. अमेरिकेनें मग जो उद्योग केला त्यास तोड नाहीं. १९४५ मध्यें तिचें कृत्रिम रबराचें उत्पादन सात लक्ष टनांच्या घरांत गेलें, आणि १९४३ सालीं त्याला लागलेल्या ब्यूटाडाइनपैकीं निम्म्याहून अधिक मद्यार्कापासून, म्हणजे मुख्यतः धान्यापासून, केलेलें होतें.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. ज्या मोहिमेंत मलायाचें रबर गेलें तिच्यांतच ब्रह्मदेशहि पडला, आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानांत येणें बंद झालें. १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं. त्या दुष्काळाचीं कारणें पुष्कळ होतीं आणि सरकारची अनास्था त्यांत लहान नव्हती. अमेरिकेंतील गव्हाचा मद्यार्क केला म्हणून कलकत्त्याच्या रस्त्यावर माणूस मेला असें म्हणणें हा इतिहासाशीं अन्याय होईल. तरी पण एकाच वर्षीं एकीकडे धान्याचे टायर होत होते व दुसरीकडे पेजेसाठीं टाहो फुटत होता, हीं दोन चित्रें शेजारीं ठेवल्यावर अन्नापासून रबर करण्याच्या कल्पनेविषयीं मन साशंक होतें. टाकाऊ पदार्थाकडे वळण्याचें खरें समर्थन आम्हांस येथें सांपडतें. निबंधांच्या प्रस्तावनेंत जें हिरवें-हिरवें समर्थन असतें त्यांत नव्हे.

आमच्या देशानें कृत्रिम रबराचा आरंभ केला तोहि एका उकिरड्यावरच्या वस्तूपासून. साखर कारखान्यांत रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जी काळी, चिकट मळी उरते ती उसाच्या वजनाच्या शेंकडा चार इतकी असते. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभारला, आणि पुढील दोन तपांत महाराष्ट्रांत मळीची तळीं दिसूं लागलीं. या मळीचा मद्यार्क होतो. १९६३ सालीं उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ किलाचंद या मुंबईच्या उद्योगपति घराण्यानें अमेरिकेच्या फायरस्टोन कंपनीच्या सहकार्यानें सिंथेटिक्स अँड केमिकल्स या नांवाचा कारखाना काढला. वर्षाला तीस हजार टन एस.बी.आर. करण्याची त्याची शक्ति होती आणि ब्यूटाडाइन मद्यार्कापासून. लेबेदेव्हच्या बटाट्याची जागा येथें उसाच्या मळीनें घेतली.

या कारखान्याचें नांव रबरवाल्यांपेक्षां वकिलांस अधिक ठाऊक आहे, हा एक विनोदच होय. मद्यार्क म्हणजे दारू कीं कच्चा माल, हा वाद त्यानें सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९८९ सालीं सात न्यायमूर्तींनीं, औद्योगिक मद्यार्कावर राज्यांस दारूप्रमाणें कर बसवितां येणार नाहीं असा निकाल दिला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें आठ विरुद्ध एक अशा बहुमतानें तो निकाल फिरविला. ज्या कारखान्याच्या निमित्तानें हा वाद उपस्थित झाला तो मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीसच बंद पडला होता. खनिज तेलापासूनचें ब्यूटाडाइन स्वस्त पडूं लागल्यावर मळीचा टिकाव लागेना. गंमत अशी कीं जानेवारी २०२४ मध्यें फ्रान्समध्यें बोर्दो शहराजवळ मिशेलिन कंपनीनें मद्यार्कापासून ब्यूटाडाइन करण्याचा एक प्रायोगिक कारखाना उघडला, आणि त्याची बातमी नव्या युगाची म्हणून छापली गेली. बरेलीकडील म्हाताऱ्या कामगारांनीं ती वाचली असेल तर त्यांस काय वाटलें असेल!

हें झालें रबराचें. आतां त्यांत घालावयाच्या भरीकडे येऊं, कारण खरा प्रश्न तेथेंच आहे: काळी पूड मिसळल्यानें बळ येतें तें कां?

एक उत्तर आइन्स्टाइनच्या गणितांत शोधण्याचा प्रयत्न झाला. द्रवांत बारीक गोळ्या तरंगत असतील तर त्याचा दाटपणा किती वाढतो याचें सूत्र आइन्स्टाइननें १९०६ सालीं दिलें. त्यांत आंकडेमोडीची एक चूक राहिली होती, ती त्यानें १९११ मध्यें दुरुस्त केली. विद्यार्थ्यांनीं हा दाखला परीक्षकांपुढें करूं नये एवढीच आमची विनंति. पुढें यूजेन गुथ या व्हिएन्नाहून अमेरिकेस गेलेल्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें तें सूत्र वाढवून रबरास लावलें. त्या हिशेबानें रबरांत पंचमांश आकारमानाची भर घातली तर त्याचा ताठपणा सुमारें दुप्पट व्हावा. परंतु काजळीनें केवळ ताठपणा वाढत नाहीं. तुटण्यापूर्वीं सोसण्याची शक्ति, झिजेस टिकण्याची शक्ति हीं कित्येक पटींनीं वाढतात, आणि खडूची जाडी पूड तितक्याच मापानें घातली तर तसें कांहीं घडत नाहीं. तेव्हां भेद मापांत नाहीं, बारीकपणांत आहे. कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग मोठा. टायरच्या एका ग्रॅम काजळीचा पृष्ठभाग पाऊणशें ते शंभर चौरस मीटर, म्हणजे पुण्यांतील एका मध्यमवर्गीय बिऱ्हाडाच्या सर्व खोल्यांच्या फरशीएवढा भरतो. इतक्या मोठ्या पृष्ठभागास रबराच्या सांखळ्या ठिकठिकाणीं चिकटून बसतात. एवढ्या घट्ट कीं कच्च्या मिश्रणांतील रबर विरघळवून काढूं गेलें तरी कांहीं भाग काजळीस सोडीत नाहीं. शिवाय काजळीचे कण सुटे नसून द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांस जोडलेले असतात व रबर त्या घडांच्या फटींत अडकून राहतें. ताण आला म्हणजे एका सांखळीवरचा भार अनेकींवर वांटला जातो. कारकून शाई घोटीत बसे त्याचें मर्म हेंच होतें.

पृष्ठभागाच्या या शास्त्राशीं पुण्याचा एक योगायोगाचा संबंध आहे. पाषाणच्या रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं बाळासाहेब खेरांनीं बसविली आणि ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांनीं साबणाच्या द्रावणांतील सूक्ष्म कणसमूहांवर आयुष्य घालविलें होतें. दुसरे जॉर्ज फिंच हे धातूंच्या पृष्ठभागांचे अभ्यासक. १९२२ सालच्या एव्हरेस्टच्या मोहिमेंत प्राणवायूचीं नळकांडीं पाठीवर घेऊन आठ हजार मीटरांच्या वर चढलेले हेच ते गिर्यारोहक. आणि देशांतील प्रयोगशाळांची ही सारी मालिका ज्यांनीं उभी केली ते शांतिस्वरूप भटनागर स्वतः कलिल द्रव्यांचे, म्हणजे पाण्यांत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे, रसायनज्ञ. या तिघांनीं रबरासाठीं कांहीं केलें असा आमचा दावा नाहीं. पण ज्या विद्येवर आजचा हा सर्व खटाटोप उभा आहे ती पुण्यास पंचाहत्तर वर्षांपूर्वीं उंबरठ्याच्या आंत आली होती, एवढें नमूद करावेंसें वाटतें.

आतां तूस. मावळ, मुळशी, भोर या भागांतून भात कांडलें म्हणजे तुसाचे ढीग पडत. त्यांचा एक उपयोग घरोघर ठाऊक होता: तूस जाळून त्याची राखुंडी करावयाची व तिनें दांत घांसावयाचे. या राखुंडीचा खरखरीतपणा येतो तो सिलिकेमुळें. भाताचें रोप मुळांवाटे जमिनींतील पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषून घेतें आणि ती दाण्याच्या कवचांत सांठवून ठेवतें. एक हजार किलो भातापासून सुमारें दोनशें किलो तूस निघतें. तें जाळलें म्हणजे चाळीस किलोंच्या आसपास राख राहते. आणि त्या राखेंत शेंकडा ८५ ते ९५ सिलिका असते. दुसरें कोणतेंहि धान्य घरांत बसून इतकी वाळू गोळा करीत नाहीं. १९०८ सालीं लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीवर तळेगांव दाभाड्यास पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. कांच म्हणजे मुख्यतः सिलिकाच. आणि त्या कारखान्याच्या भोंवतालच्या प्रत्येक खळ्यांत तोच पदार्थ दर हंगामास पेटवून दिला जात होता.

ही राख रबरांत घालून पाहण्याचा पद्धतशीर अभ्यास १९७५ सालीं अमेरिकेंत हॅक्सो व मेहता या दोघांनीं प्रसिद्ध केला. यांतील मेहता म्हणजे कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें सिमेंटच्या शास्त्रांत नांव कमावलेले भारतीय अध्यापक. नुसती दळलेली राख मध्यम प्रतीची भर म्हणून चालते, उत्तम काजळीची बरोबरी करीत नाहीं, हें तेव्हांपासूनच्या अनेक प्रयोगांचें सार आहे. कारण साधें: दळून कण पुरेसा बारीक होत नाहीं. म्हणून पुढील लोकांनीं राख दाहक सोड्यांत विरघळवून, मग आम्लानें पुन्हां सांका बसवून, नॅनो आकाराची शुद्ध सिलिका काढली. ही सिलिका आणि वाळूपासून केलेली महाग सिलिका यांत मग फारसा भेद राहत नाहीं.

परंतु सिलिकेचा स्वभाव काजळीसारखा मनमिळाऊ नाहीं. तिच्या अंगावर पाण्याची ओढ असलेले गट असतात. रबरास पाण्याचें वावडें. मिश्रण केलें कीं सिलिकेचे कण रबराकडे पाठ फिरवून आपसांत घोळका करतात. त्यावर १९७० नंतर तोडगा निघाला तो गंधकयुक्त सिलेन नांवाच्या रसायनाचा. हा एक दुभाषा आहे. त्याचा एक हात सिलिकेच्या खांद्यावर व दुसरा रबराच्या. त्याच्या बळावर मिशेलिननें १९९२ सालीं काजळीऐवजीं बऱ्याच अंशीं सिलिका घातलेला टायर बाजारांत आणला. तो फिरतांना कमी तापतो, म्हणून इंधन वांचतें. ओल्या रस्त्यावर पकडहि चांगली. आणि २०१४ सालीं गुडइयर कंपनीनें तुसाच्या राखेपासून काढलेली सिलिका आपल्या टायरांत वापरण्याचें जाहीर केलें व चीनमध्यें तसा आरंभ केला. म्हणजे तुसाची गोष्ट आतां नुसत्या निबंधांची राहिलेली नाहीं.

महाराष्ट्रांतील या बाबतींतलें एक काम सांगण्याजोगें आहे, आणि तें पुण्यामुंबईंत न होतां जळगांवास झालें म्हणून तर आवर्जून. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत सत्येंद्र मिश्र व नवीनचंद्र शिंपी यांनीं कॅल्शियम कार्बोनेटाचे नॅनो कण तयार करून ते एस.बी.आर.मध्यें घातले व त्याचे परिणाम २००५ सालीं प्रसिद्ध केले. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू, चुनखडी, शिंपला. रबराच्या धंद्यांत हा पदार्थ केवळ माल स्वस्त करण्यासाठीं घालीत. बळ देण्याची त्याची योग्यता कोणी मानीत नसे. कण पुरेसे लहान ठेवले तर तोहि बळ देतो व आगीस अडवितो, असें या प्रयोगांत दिसलें. रबर मऊ करण्यासाठीं त्यांनीं खनिज तेलाऐवजीं जवसाचें तेल घातलें. अंड्याच्या टरफलांत शेंकडा ९४-९५ हेंच कॅल्शियम कार्बोनेट असतें, आणि अंड्याच्या वजनाचा दहावा भाग टरफलाचा. १९८२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचें मुख्य ठाणें पुणेंच असल्यामुळें या टरफलांविषयीं पुणेंकरांस थोडी आपुलकी वाटावयास हरकत नसावी. मात्र टरफल बारीक वाटणें व नॅनो कण करणें यांत पाट्यावरची चटणी व वैद्याचें भस्म यांतल्याइतकें अंतर आहे. निबंधकर्ते पुष्कळदां चटणीच वाटतात आणि तिला भस्म म्हणतात.

कोंकणच्या काजूचेंहि नांव येथें घेतलें पाहिजे, जरी तें भुकटीच्या सदरांत बसत नाहीं. काजूच्या टरफलांतील तेल हातास लागलें तर फोड येतात. त्याचीच राळ करून अमेरिकेंत मॉर्टिमर हार्वी यांनीं ती मोटारींच्या ब्रेकांच्या पट्ट्यांत आणली, आणि तसलीच राळ रबरास ताठपणा देण्यासाठीं वापरतात.

या सर्वांवर आमचें मत विचाराल तर तें असें. तुसाची सिलिका टिकेल, कारण तिच्या मागें शास्त्र आहे व माल पुष्कळ आहे. टरफलाचें आम्हांस तितकें खात्रीचें वाटत नाहीं. घरोघरचीं टरफलें गोळा करून, धुऊन, त्यांचा पातळ पापुद्रा काढून कारखान्यांत पोंचविण्याचा खर्च निबंधांत कोठें मांडलेला नसतो. आणि काजळी इतक्यांत कोठें जात नाहीं. मालट्रकच्या जाड टायरांत, जेथें नैसर्गिक रबराचें राज्य आहे, तेथें सिलिकेचा दुभाषा अद्यापि अडखळतो.

‘टाकाऊ’ या शब्दाविषयींहि थोडें बोललें पाहिजे. शहरांतल्या माणसास जें टाकाऊ दिसतें तें खेड्यांत सहसा कोणाचें तरी असतें. तुसावर वीटभट्ट्या पेटतात, भातगिरण्यांचे बॉयलर चालतात. उसाचें चिपाड गाळलेल्या उसाच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकें निघतें, पण तें साखर कारखाना स्वतःच जाळतो व वर वीजहि करून विकतो. मळी पूर्वीं फुकट वाहत होती. तिच्या मद्यार्कास गिऱ्हाईक मिळतांच तीवर सरकारी भाव, परवाने, कर आणि सात व नऊ न्यायमूर्तींचीं पीठें आलीं. तुसास भाव आला तर तो शेतकऱ्याच्या पदरांत पडेल कीं गिरणीवाल्याच्या, याचें उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकांत नाहीं. भात गिरणींत दिलें कीं तूस गिरणीचें, हा रिवाज आजवर कोणी तपासून पाहिलेला नाहीं, कारण तपासण्याजोगी त्यांत किंमतच नव्हती.

सुदैवानें येथें एक सोय आहे. सिलिका हवी असेल तर तूस जाळावेंच लागतें. तेव्हां आधीं त्याची उष्णता घ्यावी व मग राख घ्यावी, असें दोन्ही साधतें. अडचण आंचेची आहे. सातशें अंशांच्या आंत तूस जळलें तर सिलिका अस्फटिक, रबरास व सोड्यास वश होणारी, अशी राहते. आंच त्याहून फार चढली तर तिचे स्फटिक बनतात. मग ती सोड्यांत सहज विरघळत नाहीं, रबरास उपयोगी पडत नाहीं, आणि तिची धूळ छातींत गेली तर घात करते. स्फटिक सिलिकेस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९७ सालीं निश्चित कर्करोगकारक ठरविलें आहे. काजळीस ‘कदाचित्’ या सदरांत ठेवलें आहे. म्हणजे राखेचा ढीग बाहेरून सारखाच दिसला तरी एक मौल्यवान व दुसरा घातक असूं शकतो, आणि तें ठरतें बॉयलरच्या तोंडाशीं फावडें घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातून. त्यास ना तापमापक दिलेला असतो, ना नाकातोंडावर धरावयास धड फडकें. आंत आंच किती आहे हें तो ज्वाळेच्या रंगावरून ओळखतो. गोंदिया-भंडाऱ्याकडील भातगिरण्यांच्या बॉयलरांतून निघणारी ही काळी-पांढरी राख कांहीं विटांत जाते, कांहीं सिमेंटांत जाते, आणि उरलेली गिरणीच्या मागें पडून राहते. उन्हाळ्यांत वारा सुटला कीं ती शेजारच्या वस्तींतल्या वाळवणांवर येऊन बसते.